मामाची मिशी आणि निळं मडकं

गेल्या महिन्यात माझी मुलगी मॉलमधल्या थिएटरातून बाहेर पडली ती तोंड फुगवूनच. तिच्या लाडक्या व्हिडिओ गेमवर सिनेमा निघाला होता. आठवडाभर आधीपासून तिने मला त्या गेममधली सगळी घराणी, हत्यारं आणि वैरं पाठ करायला लावली होती, म्हणजे ऐन सिनेमात मी "हा कोण?" असं विचारून तिची अब्रू घालवू नये. आणि आता सरकत्या जिन्यावर ती माझ्या दोन पायऱ्या खाली, माझ्याकडे पाठ करून उभी.

"काय झालं?"

"बाबा, तो उडीच मारत नाही."

"मारली की. पुलावरून."

"ती उडी नव्हती, ते पडणं होतं. त्याची उडी अशी असते." आणि तिने तिथंच, चालत्या जिन्यावर, उडी मारून दाखवली. मागच्या एका बाईंनी मुलीला सोडून माझ्याकडे रागाने बघितलं.

मला हसू फुटलं. मुलीला वाटलं मी तिला हसतोय. खरं तर मला अर्धी मिशी उतरवलेला एक चेहरा आठवला होता. तिला बाहेर रसवंतीवर घेऊन गेलो आणि म्हणालो, "बस. आपल्या घराण्यात हे दुःख नवीन नाही."

तेव्हा मी अकरावीत होतो आणि दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, वैजापूरकडच्या एका वाडीवर मेंढरं राखायचा. गवत संपलं तसा थोरला मामा मेंढरं घेऊन पैठणच्या बाजूला, धरणाच्या कडेला गेला आणि धाकटा आमच्याकडे सिडकोत आला. शहर तेव्हा असं वाढत होतं की या रविवारी ज्या प्लॉटवर क्रिकेट खेळावं, तिथं पुढच्या रविवारी खड्डे खणलेले असायचे. अशाच एका इमारतीवर मामाला काम मिळालं. पाणी मारायचं काम. नवा स्लॅब पडला की त्यावर मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचं, कॉलमला पोती गुंडाळायची आणि ती दिवसातून तीनदा भिजवायची. पाणी टँकरचं.

"भाचेबुवा," मामा आईच्या हातची भाकरी मोडत म्हणायचा, "गावाकडं आडात बादली सोडली तर नुसती खडखड वाजती. नि हितं मी भिंतीला पाणी पाजतोय. तीन टाइम! लेकरावानी!"

म्हणायचा हसून. पण मी त्याला कामावर बघितलंय. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून तो असं पाणी सोडायचा की पोतं भिजावं आणि जमिनीवर थेंब पडू नये. मुकादम ओरडायचा, तरी तसंच.

आता मामाची मिशी. ती नुसती मिशी नव्हती, ती आधी खोलीत यायची आणि मग मामा यायचा. दोन्ही टोकं वर वळवलेली, रोज सकाळी खोबरेल लावलेली. गावाकडं म्हणे नवा मेंढा विकत घेताना समोरचा माणूस आधी मामाच्या मिशीकडे बघून मग भाव सांगायचा. माझ्या आईने आयुष्यात फक्त एकदाच मामाला "तुझी मिशी आमटीत बुडतेय" असं म्हटलं होतं आणि मग दोन दिवस तिला त्याची समजूत काढावी लागली होती.

मामाच्या इमारतीसमोर पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन मशीन, एक पंखा आणि स्टुलावर बसलेला मालक. तो शहागंजचा, सगळे त्याला चाचा म्हणत. पान खाऊन लाल झालेलं तोंड आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ठाम मत.

कोपऱ्यातल्या मशीनवर आमचा खेळ होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, कारण पडद्यावर येणारी अक्षरं कुठल्या देशाची तेही आम्हाला कळत नव्हतं. हिरव्या कोटातला एक माणूस डावीकडून उजवीकडे चालत राहायचा. खड्डे यायचे, त्यावरून उडी. लाल लांडगे यायचे, त्यांना चुकवायचं. वर एक निळी पट्टी होती, ती हळूहळू कमी व्हायची. वाटेत निळी मडकी असायची, ती उचलली की पट्टी पुन्हा भरायची. त्या माणसाचा चेहरा म्हणजे चार चौकोन. एक केसांचा, दोन डोळ्यांचे आणि एक काळा चौकोन बरोबर नाकाखाली.

आम्ही सगळे तिसऱ्या टप्प्यावर लांडग्यांच्या तोंडी मरायचो. मामा दुपारच्या सुट्टीत मला जेवायला बोलवायला म्हणून आला आणि दारातच उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थांब. ते लांडगं तीन पावलं जातंय, थांबतंय, मग मान वळवतंय. मान वळली की निघ. आधी नाय."

"मामा, हे मशीन आहे."

"आसू दे. लांडगं हाय का नाय?"

मी थांबलो. एक, दोन, तीन. मान वळली. मामाने मेंढरं हाकताना करतात तसा जिभेने टक् आवाज केला, मी मशीनची दांडी ढकलली आणि आम्ही चौथ्या टप्प्यात. दुकानात असा कल्ला झाला की चाचा स्टुलावरून उतरला. मी त्याला उतरताना पहिल्यांदाच बघत होतो.

त्या दिवसापासून हात माझे आणि तोंड मामाचं. आणि मामाने आम्हाला त्या खेळाची गोष्ट सांगितली. हिरवा कोटवाला गावासाठी पाणी घेऊन चाललाय. वरची निळी पट्टी म्हणजे त्याच्याजवळचं पाणी, उन्हानं आटतंय. मागं, पडद्याच्या डावीकडं, जिथं आपल्याला परत जाता येत नाही, तिथं मोठी विहीर हाय. पुढं गाव हाय. आणि उडी मारली की पट्टी जरा कमी होते हे त्यानेच शोधून काढलं होतं. "सांडतंय रं, सांडतंय! हळू उडी मार!" दुकानातली सगळी पोरं विनाकारण उड्या मारायची बंद झाली. नाकाखालचा चौकोन? "मिशी हाय. दिसंना का तुला?"

चाचाला हे अजिबात मान्य नव्हतं.

"मामू, पानी कायकू होंगा? नीलम है वो, हीरे! चोर है ये, महल लूटने जा रा."

"चोर आसता तर डाव्या अंगानं पळाला आसता, चाचा. ह्यो तर लांडग्याच्या तोंडात चाललाय. हिऱ्यासाठी कोण जातंय?"

"हौ, तुमारे गाँव में नै जाते होंगे."

उन्हाळाभर हे भांडण. आमच्यातही दोन तट पडले, पाणीवाले आणि हिरेवाले. निकाल लागणार कसा? पडद्याच्या कोपऱ्यात सात टप्प्यांचे सात ठिपके होते आणि सहाव्याच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं.

आणि मग एका सकाळी टॉकीजच्या बाहेर पोस्टर लागलं. विदेशी पिक्चर, हिंदीत. मोठ्या चित्रात एक गोरा माणूस हिरव्या जॅकेटात, आणि खाली कोपऱ्यात आमच्या खेळाचा फोटो, तेच चौकोन, तेच लांडगे. मी सायकल अशी हाणली की दुकानात पोचेपर्यंत चेन उतरली.

"आता कळंल," मामा म्हणाला.

"अब मालूम पडेंगा," चाचा म्हणाला.

पैज सगळ्यांसमोर लागली. पिक्चरमध्ये पाणी निघालं तर चाचाने दुकानाच्या बाहेरच्या कोऱ्या भिंतीवर मामाची गोष्ट पेंटरकडून रंगवून घ्यायची. आणि पाणी नाही निघालं तर... मामाने दुकानावर एक नजर फिरवली, नाटकातल्या राजासारखी, आणि दोन बोटं मिशीच्या टोकाला लावली. "ही उतरवीन."

 मिशीशिवाय मामा कसा दिसतो हे आईलाही आठवत नव्हतं.

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं एका ओळीत बसलो. मध्ये मी. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ पाहुणे, पागोटं काढा, पडदा दिसंना." मामाने पागोटं मांडीवर घेतलं आणि मिशीवरून हात फिरवून घेतला.

पिक्चर सुरू झाला. हिरव्या जॅकेटवाल्याला आधी बोलता यायला लागलं, हीच मोठी अडचण. आमचा माणूस कधी एक शब्द बोलला नव्हता, आणि हा च्युइंगम चघळत बोलतच सुटला. चेहरा गुळगुळीत. मामा माझ्या कानात म्हणाला, "मिशी कुठाय?" मी म्हटलं, "येईल." लांडगे काही आले नाहीत, त्यांच्याऐवजी लाल कोट घातलेली माणसं काचेच्या ऑफिसात फायली घेऊन फिरत होती. खड्डा एकच आला, तोही हिरोने मोटारीतून ओलांडला. एक पोरगी आली, गाणं नव्हतं तरी तिने अर्धा तास खाल्ला. चाचा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ये मरता कायकू नै?" खरंच होतं. आमचा माणूस चाचाच्या मशीनवर दिवसातून शंभर वेळा मरायचा. हा एकदाही पडला नाही, आणि जो पडतच नाही त्याची काळजी तरी काय करायची?

शेवटी निळं आलं. एक प्रचंड काचेची टाकी, काठोकाठ भरलेली, निळीशार. मामाने माझं मनगट पकडलं. पडद्यावर कुणीतरी सांगितलं की हे दुष्ट माणसाच्या यंत्राचं इंधन आहे. म्हणजे पाणी नाही आणि हिरेही नाहीत. आणि हिरोने बंदूक काढून टाकी फोडली. ते सगळं निळं भसाभसा बाहेर आलं आणि गटारातून वाहून जायला लागलं.

मामा उठून उभा राहिला. पागोटं खाली पडलं.

"अरं सांडलं! सांडलं रं सगळं! धरा की कुणीतरी!"

सगळं टॉकीज हसलं. मी आणि चाचा तेवढे हसलो नाही. मामा हळूच बसला आणि त्याने पागोटं उचलून झटकलं.

रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "पाणी नव्हतं. शब्द म्हंजे शब्द." आणि सरळ समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

मी चाचाकडे बघितलं. तो फुटपाथवर उभा, पान तोंडात, पण चावत नव्हता. तो जिंकला नव्हता. पण पैजेत त्याच्या हिऱ्यांची अटच नव्हती. होती ती फक्त मामाच्या पाण्याची. तो नुसता गप्प राहिला असता तरी पैज त्याची होती. आत न्हावी दोनदा विचारत होता, "पाहुणे, नक्की ना?" मामाने डोळे मिटून मान हलवली. वस्तरा चालला. डावं टोक पडलं.

आणि चाचा धावत सुटला. त्याला धावताना बघणारा जगात मी एकटाच असेन.

"रुको! ओ हज्जाम, हाथ रोक! मामू, उठो."

"चाचा, पाणी नव्हतं."

"अरे काय का पानी, काय के हीरे! वो अपना खेल था क्या? एक गड्ढे में गिरा क्या? एक भेड़िया था क्या? तुम अपने खेल पे शर्त लगाए, उनके पिक्चर पे नै. मैं दुकान का मालिक हूँ, मैं बोलरा, फैसला नै हुआ. उठो!"

"आरं पण आर्धी गेली की!"

चाचाने बराच वेळ त्या अर्ध्या मिशीकडे बघितलं. "तो उस आधी की मेरे तरफ से माफी," तो म्हणाला.

मग उरलेली अर्धीही काढावी लागली, दुसरा इलाजच नव्हता. मामा महिनाभर तोंडाला पंचा बांधून हिंडला. विचारलं तर म्हणायचा, शिमिटाची धूळ लई हाय.

आणि त्याच आठवड्यात चाचाने पेंटर बोलावला. भिंतीवर हिरव्या कोटातला माणूस आला, पुरुषभर उंच. मागे लाल लांडगा, मान वळवलेला. माणसाच्या डोक्यावर निळं मडकं, काठोकाठ भरलेलं, एक थेंबही सांडत नसलेलं. चाचा पूर्ण शरण आला नव्हता. मडक्याच्या पोटावर त्याने एक हिरा चमकवून घेतला होता. आणि नाकाखाली, दोन्ही टोकं वर वळवलेली, खोबरेल लावल्यासारखी चकाकणारी मिशी. मामाच्या ओठावर पुन्हा उगवेपर्यंत ती त्या भिंतीवर सुखरूप राहिली. मामा रोज दुपारी तिच्यासमोर उभा राहून भाकरी खायचा.

पुढच्या साली पाऊस झाला आणि मामा मेंढरांमागे परत गेला. रस्ता रुंद करताना ते दुकान, ती भिंत, सगळं गेलं.

मुलीने रसाचा ग्लास संपवला. तिचा रुसवा गेला होता. डोळ्यांत मात्र वेगळीच चमक होती. "बाबा, तो खेळ कुठेतरी असेलच की नेटवर. सातवा टप्पा आता दोन मिनिटांत कळेल. बघू?"

मी म्हटलं, "मला नको विचारू. ज्याची मिशी, त्याला विचार."

तिने फोन लावला, स्पीकरवर. मामाला सगळं पुन्हा सांगितलं, तिच्या सिनेमातल्या उडीसकट. पलीकडे मेंढरांची घंटा वाजत होती. मामा आधी खूप हसला.

"मंजी तुझ्या हिरोला बी उडी येत नाय व्हय? आरारा!"

"मामाआजोबा, शेवट बघू का? पाणी निघतं की हिरे?"

पलीकडून आधी मेंढरं हाकायचा तो जिभेचा आवाज आला.

"नको गं पोरी. मिशी हाय अजून, पांढरी झालीय. पण चाचा गेला ना. एकट्यानं जिंकून कुणाला सांगू?"

मुलीने फोन खिशात ठेवला. पाण्याचा एक टँकर थेंब गाळत समोरून गेला, आणि तो जाईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला थांबून राहिलो. मग तिने पुन्हा एकदा, सगळ्या रसवंतीला दिसेल अशी, खरी उडी मारून दाखवली.