बाकावर बसवलेली पिचर

जिंकत आलेल्या सामन्यात मी आमच्या सर्वांत चांगल्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्या मुलीला, विश्रांतीसाठी बाकावर बसवलं. एकदा बाहेर काढलेल्या खेळाडूला परत आणता येत नाही, हा बेसबॉलचा नियम मला ठाऊक नव्हता. मी टीमचा मॅनेजर होतो.

मॅनेजर झालो कारण इथे विलायतेत, एजवेअरच्या आमच्या रविवारच्या टीममध्ये सामानाची बॅग मावेल एवढी गाडी माझ्याकडेच होती. शिवाय पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन होतो. खेळ बदलला तरी अक्कल तीच चालते, असं मी सगळ्यांना पटवलं होतं. बॅटिंगचा क्रम लावताना तीच चालवली. आमच्यातले साठी उलटलेले डॉक्टर वयाने मोठे, म्हणून मानाचा पहिला नंबर त्यांना. पहिल्या नंबरची पाळी सर्वांत जास्त वेळा येते, हे डॉक्टर तिसऱ्यांदा आउट होऊन परतले तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

तरी आम्ही दोन रन पुढे होतो, ते केवळ तिच्यामुळे. इथेच जन्मलेली, डेंटिस्ट, मला काका म्हणणारी. येत्या मंगळवारी ती नोकरीसाठी ग्लासगोला कायमची जाणार होती, आणि तीन वर्षांत आमच्याबरोबर एकही मॅच जिंकली नव्हती. जाण्याआधी एक तरी जिंकायची, एवढंच ती सकाळी गाडीत म्हणाली होती.

बेसबॉलच्या नऊ छोट्या इनिंगपैकी दोन उरल्या. मुख्य बॉलर शेवटासाठी राखून ठेवायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी तिला बाहेर बोलावलं. तिनं "काका, शुअर?" विचारलं, तर मी टीव्हीवरच्या मॅनेजरसारखा नुसता तळहात दाखवला.

राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेला बुलपेन म्हणतात. आमचं बुलपेन कचऱ्याच्या डब्यामागे होतं. तिथून मी एका अकाउंटंटला उठवलं. तो बटाटेवडा खाऊन उन्हात पाठ गरम करत होता. त्यानं पहिल्या तिघांना वाइडवर वाइड टाकून फुकटात बेस, म्हणजे रन घेतानाचे थांबे, दिले आणि चौथ्यानं बॉल झाडीत घालवून त्या तिघांचे आणि स्वतःचा असे चार रन वसूल केले. मी ऐटीत तिला परत बोलावलं, तेव्हा अंपायर चालत आले. मी क्रिकेटचे दाखले दिले. त्यांनी शांतपणे ऐकलं, नियमांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि वाचायला चष्मा लागतो का, असं विचारलं.

आम्ही हरलो. ती शेवटपर्यंत हातातला ग्लोव्ह न काढता बाकावर बसून होती.

गाडीत बॅग चढवताना माफी मागायची सोडून मी तिला माझी स्ट्रॅटेजी समजावली. मग विषय बदलला. ग्लासगोला टीम आहे का, विचारलं.

"आहे."

"मॅनेजर बरा आहे का?"

"माहीत नाही, काका. पण तो तुम्ही नाही. इनफ आहे."