एकच्या ठोक्याला जेवणारे चाचा

लातूरच्या एमआयडीसीतल्या सगळ्या डाळमिलांची शिस्त एकत्र केली, तरी ती आमच्या चाचांच्या जेवणाच्या डब्याएवढी भरली नसती. चाचा म्हणजे आमच्या मिलचे मिस्त्री. मूळचे उदगीरचे, पण आयुष्य लातुरात गेलेलं. तुरीचं साल काढणाऱ्या रोलची फट किती ठेवायची, हे ते डाळीचा दाणा दाताखाली धरून ठरवत. मी तिथं ऑफिसात हजेरी आणि पत्रव्यवहार बघते, चाकूरहून रोज बसनं येते. मला उशीर झाला तर शेठ काही बोलत नसत. चाचा मात्र घड्याळाकडे बघत म्हणायचे, "बेटा, आज बस झोपली होती काय?"

एकच्या ठोक्याला ते हात धुऊन डबा उघडत. दोन ज्वारीच्या भाकरी, पालेभाजी, मूठभर मटकी आणि काकडी. दारात ट्रक येऊन उभा राहो की परगावचा व्यापारी, चाचा जागचे हलत नसत. "ट्रकला भूक लागत न्हाई," एवढंच म्हणत. जेवणानंतर गोदामाला पंधरा फेऱ्या. एकट्याला करमत नाही म्हणून आधी मला ओढलं, मग हमालांना. भर दुपारी आमची ती वरात बघून शेजारच्या मिलवाल्यांनी एकदा चौकशी केली होती, की तुमच्याकडे संप आहे काय. कुणी पेढे आणले, तर चाचा एक उचलत, त्याचा वास घेत, डोळे मिटून जरा थांबत आणि तो माझ्या हातावर ठेवत. माझं वजन त्यांच्या मधुमेहानं वाढलं, असं मी घरी सांगते, आणि ते खरं आहे.

हे सगळं मात्र नंतरचं. त्याआधी त्यांना मधुमेह आहे, हे मिलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. हंगाम जोरात असला की डबा आला तसा घरी जायचा. त्या वर्षी चाचा दुपारचे विनाकारण चिडू लागले, बसल्या जागी पेंगू लागले. एके दिवशी त्यांनी रोल इतका आवळला की अख्ख्या लॉटची चुरी झाली. महिनाभरानं पुन्हा तेच झालं. पाठोपाठ पायाची जखम चिघळली आणि चाचा दवाखान्यात भरती झाले. शेठनं बाहेरून मिस्त्री आणला, पण त्याला आमची जुनी मशिनं उमगेनात. मिल सारखी बंद पडे, माणसं सावलीत बसून राहत आणि गिऱ्हाइकांचे फोन घेऊन घेऊन माझा घसा बसे.

शेठ वैतागले. मला म्हणाले, "चाचाचं वय झालं आता. पुढच्या महिन्यापासून येऊ नका, असं पत्र तयार कर."

मी पत्र टाईप केलं. सही घ्यायला आत जायचं सोडून संध्याकाळी दवाखान्यात गेले आणि चाचांना विचारलं, "रोल आवळला त्या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, "हात थरथरत होते, बेटा. सकाळपासून पोटात काही न्हवतं. शुगर खाली गेली होती."

"मग सांगितलं का नाही?"

"शुगर हाय म्हणलं की मालक माणसाला अर्धा समजतो. मला पूरा राहायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर दोन कागद ठेवले. एक ते पत्र. दुसऱ्यावर हजेरीवरून काढलेलं एवढंच होतं: चाचांच्या चुकीनं वाया गेलेले दिवस दोन, चाचा नसल्यानं मिल बंद राहिलेले दिवस अकरा. चाचांनी सांगितलेलंही मी सांगून टाकलं.

शेठनं दोन्ही कागद वाचले. "एवढा माणूस उपाशी राहत होता आन् आपल्याला पत्ता न्हाई?" ते म्हणाले, आणि पत्र फाडून टाकलं.

चाचा परत आले तेव्हा त्यांची जेवणाची वेळ ठरलेली होती, महिन्यातून एकदा डॉक्टरकडं जायला अर्धा दिवस मिळाला होता आणि इन्सुलिनसाठी ऑफिसात छोटा फ्रीज आला होता. त्यात शेठनं आपल्या थंड पेयाच्या बाटल्या ठेवल्या. चाचांनी त्या काढून खिडकीत मांडल्या. त्या हंगामात त्यांच्या हातून एकही लॉट बिघडला नाही. पुढं ते शुगर तपासायचं मशीन घेऊन आले आणि प्रत्येकाला नवी सुई लावून हमालांची बोटं टोचू लागले. गंमत म्हणून शेठनंही एकदा बोट पुढं केलं. त्यांचा आकडा चाचांच्या वर निघाला. चाचांनी तो दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, उद्यापासून एक वाजता." दुसऱ्या दिवशी शेठ डबा घेऊन शेजारी बसले.

पुढं काही वर्षांनी चाचांची नजर अधू झाली. कुणी काही म्हणायच्या आत ते स्वतःच आत गेले. "शेठ, फट दिसत न्हाई आता. नुसत्या अंदाजावर मिल नक्को." मग ते नांदेडला लेकीकडं राहायला गेले. नवा मिस्त्री हुशार आहे, मिल छान चालते, तक्रारीला जागा नाही. तरी दुपारी जेवताना मला कुणाशी बोलावं हे सुचत नाही.

यंदा नांदेडला लग्नाला गेले, तेव्हा वाट वाकडी करून चाचांना भेटले. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. लेकीनं चहा दिला. तासभर बोलत बसलो आणि निघताना ते भिंतीला हात लावत गल्लीच्या तोंडापर्यंत आले.

"दिवाळीला येते पुन्हा," मी म्हणाले.

"दिवाळीला नक्को," चाचा म्हणाले. "तवा सगळेच येतात. मधीच कधीतरी ये, कुणीच येत न्हाई तवा."