तात्या परबांचा कान

मरोळच्या गॅरेजात तात्या परबांनी माझं पहिलं स्वागत केलं ते माझी शोभा करून. पिकअपचा ब्रेक वाजतो, एवढंच मी म्हणालो होतो.

"कसो वाजता? तोंडान काढून दाखय."

शेजारचे गॅरेजवाले हातातले पाने ठेवून गोळा झाले. नाहूरचा प्रतिष्ठित मंडपवाला मी, पिकअपवर नावापुढे बी.कॉम. रंगवून घेतलेला, भर रस्त्यात "कीं... कीं" करत उभा.

"ह्या मांजार झाला! गाडयेचो काढ. बीकॉम झालंस, आणि इतक्या येना नाय?"

तात्यांची तपासणी अशीच. चाकाआधी मालकाचं तोंड उघडायचं. बारीक "कीं" म्हणजे धूळ, गाडी चालवा. "खर्र" म्हणजे लायनर झिजून लोखंडावर लोखंड घासतंय, गाडी जागची हलवायची नाही. फोनवरही ते आवाजच मागत, आणि दुर्दैवाने कधी चुकत नसत. "माणूस खोटा बोलतलो, आवाज खोटो काढूचो नाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. समोर आलेला चहासुद्धा हुंगून पिणारा हा संशयी माणूस या एका बाबतीत अगदीच भाबडा होता.

लग्नसराईत एका सकाळी पिकअप खर्र वाजू लागली. मुलुंडच्या लग्नाच्या खुर्च्या भरून तयार, आणि ड्रायव्हर दिलीप अडून बसलेला. "तात्या हो बोलले तरच काढतो, शेठ."

मी बाजूला जाऊन फोन लावला आणि सुरेल "कीं" काढलं. एव्हाना माझा रियाज चांगला झाला होता.

"धूळ आसा. जाऊं दे," तात्या म्हणाले.

मुलुंडच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडी भिंतीवर गेली, दिलीपचा पाय दोन ठिकाणी मोडला. लग्न मात्र मुहूर्तावर लागलं. पाहुण्यांनी उभ्यानेच अक्षता टाकल्या.

दोन दिवसांनी तात्यांनी चाक उघडलं. लायनर नावालाही उरला नव्हता. मी शिव्या खायच्या तयारीने मान खाली घातली. ते हात पुसून माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"त्या दिसाचो आवाज परत एकदा काढून दाखय."

दिलीपची बायको गाडीतली त्याची पिशवी घ्यायला आली होती, ती माझ्याकडेच बघत होती. मला लाज वाटली, पण भीती जास्त वाटली. मी "कीं" केलं.

"मगे माझोच कान गेलो," तात्या म्हणाले, आणि उठून त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

महिन्याभरात गॅरेज बंद करून ते गावी गेले. नंबर माझ्याकडे आहे. कान शाबूत होता, एवढंच सांगायचंय. तो फोन मी अजून केलेला नाही.