उसवलेला चौकोन

मृणालिनीबाई देवस्थळींनी पुण्यात एकतीस वर्षं जर्मन शिकवलं. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना तोटा नाही; इंजिनिअर शिकतात, लग्न ठरलेल्या मुली शिकतात, रिटायर झालेले बँकवालेही शिकतात. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत मात्र त्यांच्या जर्मनला कुत्रं विचारत नव्हतं. मुलगा शार्दूल एका मोठ्या कंपनीत, सून त्याहून मोठ्या कंपनीत, नात रुचा दुसरीत. नवरा गेल्यावर बाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आल्या आणि मग मुदत वाढवून घेऊन राहिल्या. दिवसभर घरात त्या आणि डिशवॉशर.

शेजारच्या गावातल्या एका छोट्या संग्रहालयाला त्याच सुमारास एक ट्रंक देणगी मिळाली. गावातल्या कुणा सैनिकाने १९४५ साली जर्मनीहून आणलेली, आणि आता त्याच्या नातवाला गॅरेज रिकामं करायचं होतं. आत युद्धकाळातली जर्मन सचित्र साप्ताहिकं आणि मासिकं होती, दोनशेच्या वर. गावात आडनावं अजून जर्मन, पण त्यातली एक ओळ धड वाचेल असं माणूस उरलं नव्हतं. लायब्ररीतल्या फळ्यावर विचारणा वाचून बाईंनी फोन केला. शार्दूल म्हणाला, जा की, तेवढाच टाइमपास. तो शब्द त्यांना लागला, पण त्या गेल्या.

संग्रहालयाच्या प्रमुख नॅन्सी लिंडग्रेन त्यांना पहिल्या दिवसापासून प्रोफेसर म्हणू लागल्या. अमेरिकेत आल्यापासून बाई कुणाची आई होत्या, कुणाची आजी, आणि वीकेंडच्या पार्ट्यांमध्ये सरसकट सगळ्यांच्या काकू. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या पुन्हा देवस्थळी मॅडम व्हायच्या. आठवड्यातले उरलेले पाच दिवस त्यांनी त्या दोन दिवसांच्या आधाराने काढले.

काम सुखाचं नव्हतं. गुळगुळीत कागद, देखणी छपाई, आणि पानोपानी थापा. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे सैनिक, केक कापणाऱ्या नर्सेस, मधेच क्रीमची जाहिरात आणि शब्दकोडं. शहरं जळत होती आणि मासिकात सगळे मजेत होते. बाई चित्राखालची ओळ इंग्रजीत आणायच्या, मग भिंग घेऊन चित्र बघायच्या. आधी पाय, मग हात, मग कपडे. चेहरा सगळ्यांत शेवटी. ओळ जे लपवत असेल ते त्या वेगळ्या कार्डावर लिहायच्या. वर्गात एकतीस वर्षं पोरांच्या वह्यांतली कॉपी पकडलेली बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार?

एका अंकात त्यांना पाच मुली सापडल्या. शेताच्या कडेला ओळीने उभ्या, खालची ओळ म्हणत होती: पूर्वेकडून आनंदाने कामाला आलेल्या मुली, दुपारच्या सुट्टीत. पायात लाकडी तळव्यांचे बूट. प्रत्येकीच्या जॅकेटवर उजव्या छातीशी एक लहान चौकोन, बाकीच्या कापडापेक्षा गडद, कडेला तुटके दोरे. बाईंनी महिनाभर पुस्तकं चाळली. पूर्वेकडच्या देशांतून ज्यांना मजुरीसाठी धरून आणलं, त्यांना छातीवर ओळखीची एक पट्टी शिवून घ्यावी लागे. ती फोटोपुरती उसवली होती. उन्हाने विटलं नव्हतं तेवढंच कापड खरं बोलत होतं. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. त्यातली सगळ्यांत लहान पोर तेराची असेल.

प्रदर्शन भरायचं ठरलं तेव्हा हेच चित्र मोठं करून मधल्या भिंतीवर लावायचं, शेजारी बाईंचं कार्ड, असं नॅन्सींनी कळवलं. संग्रहालयाचा एक नियम होता: चित्राचा अर्थ सांगणाऱ्या कार्डाखाली लिहिणाऱ्याचं नाव हवंच. नावाशिवाय फक्त भाषांतर लागतं. बाईंना नावाचा सोस नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल; होता. पण त्याहून जास्त त्यांना ते कार्ड तिथे हवं होतं. ऐंशी वर्षांत त्या पोरींच्या बाजूने कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि ते लिहायचं काम आपल्याकडे आलंय असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी घरी जेवताना सगळं सांगितलं. शार्दूल मान खाली घालून भात कालवत राहिला.

शार्दूल ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं उभा होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. सिग्नल पिवळा झाला की थांबायचा, फेसबुकवर वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा देत नसे. त्यांच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की व्हिजिटर व्हिसावरच्या आईवडिलांनी काम केल्याचा पुरावा सापडला तर मुलाचीही फाइल उघडतात. खरं की खोटं, वकिलाला विचारावं असं एकालाही वाटलं नाही. आईचं संग्रहालयातलं फुकट काम हेही कामच, आणि भिंतीवरचं नाव म्हणजे पुरावा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

उद्घाटनाला सगळे गेले. मधल्या भिंतीवर पाच मुली पुरुषभर उंच उभ्या होत्या. खाली एकच पाटी, बाईंनीच केलेलं सुबक इंग्रजी भाषांतर: पूर्वेकडून आनंदाने कामाला आलेल्या मुली, दुपारच्या सुट्टीत. शेजारची जागा रिकामी होती.

रुचाने पाटी वाचली. "दे लुक सो हॅपी, आजी," ती म्हणाली.

बाई नॅन्सींकडे गेल्या. नॅन्सी गोंधळल्या. तुमच्या मुलाचा फोन आला होता, तुम्हाला नाव नकोय म्हणाला, मग नियमाप्रमाणे कार्डं काढावी लागली, फार वाईट वाटलं, असं त्या म्हणाल्या. मागे शार्दूल उभा होता, चेहरा पांढराफटक. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आई म्हणून बाईंनी ते गिळलं. हो, मीच सांगितलं होतं त्याला, असं त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत शार्दूलच म्हणाला, "आई, ट्राय टु अंडरस्टँड ना. उद्या काही प्रॉब्लेम झाला असता तर? रुचाची स्कूल आहे, घर आहे. आणि एका कॅप्शनने कोणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो," बाई म्हणाल्या. "त्या मासिकात ती ओळ लिहिणाऱ्याला मी आयुष्यभर राक्षस समजत आले. त्याचंही घर असेल, शार्दूल. त्याचीही पोरं शाळेत जात असतील. आज तुला पाहिलं, आणि नॅन्सीपुढे स्वतःलाही पाहिलं. आता मला तो माणूस चांगला ओळखीचा झालाय."

दोन सिग्नल गेल्यावर बाईंनी सांगितलं की मंगळवारपासून त्या संग्रहालयात जाणार नाहीत.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच सुटकेचा आनंद होता.