एक पेटी

शाळेत तिला सगळे पेटीबाई म्हणायचे. संगीताच्या बाई म्हणून पेटीबाई. तिलाही ते आवडायचं. नवा वर्ग आला की ती सुरांच्या आधी शब्द सांगायची. "हे वाद्य परदेशी बरं का. आधी पायानं भाता मारायचे, ती पायपेटी. मग भाता हाताशी आला. परक्या नावाला जीभ वळेना, आणि झाकण लावलं की दिसायची साधी लाकडी पेटी. लोकांनी तेच नाव ठेवलं. शब्द त्याहून जुना, वेताच्या पेटाऱ्याची धाकटी बहीण." मग पोरं ओरडायची, "काडेपेटी! मतपेटी!" एखादं कार्टं "शवपेटी!" म्हणायचं नि धपाटा खायचं.

तिची स्वतःची पेटी वडिलांनी बनवलेली. ते सुतार होते. आतले स्वर विकत आणलेले, लाकूड त्यांचं.

बरीच वर्षं ती हंगामीच होती. अखेर कायमची जागा निघाली, तेव्हा हेडक्लार्कनं तिला बोलावलं. तो किल्लीनं कान कोरत होता. किल्लीला लागलेलं निरखून पाहत म्हणाला, "बाई, जागा तुमचीच समजा. साहेबांकडे तेवढी एक पेटी पोचवा."

तिला वाटलं, साहेबांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, मुलीला शिकायचं असेल. घरी नवऱ्याला सांगितलं. तो बेकरीत कामाला, तिच्याहून भोळा. "तुझ्या बाबांची आठवण आहे गं," तो म्हणाला, "पण पोटापुढे काय करणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी पुसून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेब कागदावरचं काहीतरी तेलकट खात होते, हेडक्लार्क शेजारी उभा होता.

"हे काय?"

"पेटी, सर. हेडक्लार्क म्हणाले..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जे हसत सुटले! साहेबांच्या तोंडातला घास टेबलावर उडाला. हेडक्लार्क पोट धरून म्हणाला, "अहो पेटीबाई, पेटी म्हणजे एक लाख! आणि शंभर पेट्या झाल्या की खोका. एवढंही माहीत नाही?"

नव्हतं माहीत. तिचे कान तापले.

साहेबांनी डोळे पुसले आणि त्याच तेलकट बोटानं एक पट्टी दाबली. पट्टीवर पिवळा ठसा उमटला. "आवाज गोड आहे हो. राहू द्या इथंच, पोरीला होईल. लाखाचं बघू, हप्त्यानं द्या."

तिनं झाकण असं आपटलं की साहेबांची बोटं थोडक्यात वाचली, आणि पेटी उचलून ती चालू लागली.

घरी तिनं पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या, चार-चारदा पुसल्या. तरी वास येतोच आहे असं तिला वाटे. नवरा हुंगून म्हणायचा, "काही नाही गं, लाकूडच आहे." ती पाठ फिरवायची.

पण घर चालवायचं होतं. ती शाळेत जात राहिली. कायमची जागा दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली, आणि हिच्याकडे रोजची प्रार्थना तेवढी उरली. साहेब पहिल्या रांगेसमोर उभे राहत, हात जोडून, डोळे मिटून, मान डोलावत. त्यांचे ओठ पुटपुटत, आणि ओठांच्या कोपऱ्यात सकाळच्या न्याहारीचा कण चिकटलेला असे. ती नजर वळवायची, तरी तो दिसायचा.

एका सकाळी दुसऱ्या कडव्याला शाळेच्या पेटीवरचे तिचे हात थांबले. भाता उसासून बसला. पोरं बेसूर पुढं गेली आणि गप्प झाली. साहेबांनी एक डोळा उघडला.

"काय झालं, बाई?"

"किळस आली," ती म्हणाली आणि उठली.

हेडक्लार्क मागून ओरडत आला, "अहो, अर्ज तरी द्या!" तिनं वळून पाहिलं नाही. जन्मात कधी रस्त्यावर थुंकली नव्हती ती, पण फाटकाबाहेर जाऊन थुंकली.

आता ती नवऱ्याबरोबर बेकरीत पाव भरते. पहाटेपासून हात पिठानं माखलेले असतात, आणि ते हात धुवायची तिला घाई नसते.