डिस्पॅच मॅडम

आमच्या काकूला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणजे शब्द तोंडापर्यंत येतो, पण बाहेर पडताना त्याचं 'हो, बघते की' होतं. अशा बाईने दुकान काढू नये. काकूने काढलं, आणि तेही ऑनलाइन, म्हणजे जगातल्या कुणालाही तिच्याकडे काहीही मागता येईल असं.

दुकानात तिने हाताने छापलेले अभ्रे, टेबलक्लॉथ, पडदे आणि हातपुसणी मिळतात. ठसे ती स्वतः कोरते. पानं, मासे, किटल्या आणि एक पक्षी, जो काकूच्या मते बगळा आहे आणि काकाच्या मते छत्री. फोटोत दुकान फार ऐटबाज दिसतं. 'आमच्या कार्यशाळेतून', 'आमच्या टीमतर्फे' वगैरे. कार्यशाळा म्हणजे आमचं जेवायचं टेबल. त्यावर जुनी ब्लँकेटं आणि वर चादर ताणून बसवलीय, कारण नुसत्या लाकडावर ठसा नीट उठत नाही. टीम म्हणजे काकू. बाकीचे आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवतो आणि पॅसेजमध्ये वाळत टाकलेल्या कापडांखालून वाकून बाथरूमला जातो. काका उंच आहे. त्याच्या टकलावर एकदा अख्खी किटली उमटली होती. दिवसभर ऑफिसात कुणी काही विचारलं नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

सगळ्यात जास्त कुरकुर आजीची, म्हणजे काकूच्या सासूबाईंची. आजी ओरडत नाही. ती नाकातून बोलते आणि एकेक शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखा सुटा सुटा सोडते. "बरं. मांडीवर जेवू. मांड्या आहेत तोवर."

एकदा एका गिऱ्हाइकाने फोनवर परवापर्यंत पडदे मागितले. काकूने आधीच दोघांना 'हो' म्हणून ठेवलेलं. रंग वाळल्याशिवाय इस्त्री नाही, आणि इस्त्रीशिवाय रंग पक्का नाही. "एक मिनिट हं, डिस्पॅचला विचारते," काकू म्हणाली. तिने फोन पोटाशी धरला, डोळे मिटले, आणि परत कानाला लावला तेव्हा तिच्या तोंडून आजी बाहेर आली. हुबेहूब. तेच नाक, तोच सावकाशपणा.

"डिस्पॅच. बोला. बरं. नाही जमणार. रंग तुमच्या घाईने वाळत नाही."

पलीकडचा माणूस मुकाट्याने "ठीक आहे, मॅडम" म्हणाला. काकू स्वतःच घाबरून खाली बसली.

तेव्हापासून डिस्पॅच मॅडम आमच्याकडे कायमच्या नोकरीला लागल्या. अडचणीचा फोन आला की काकू बाल्कनीत जायची आणि दार ओढून घ्यायची, कारण हे आजीला कळलं तर काय होईल याचा विचार करायचीही कुणाची छाती नव्हती. काका तेवढा कुजबुजायचा, "घरात एक पुरत नव्हती, म्हणून दुसरी आणलीस होय?"

मग गेस्ट हाऊसवाल्या बाई उगवल्या. त्यांना सगळ्या खोल्यांचे पडदे, अभ्रे, टेबलक्लॉथ हवे होते. ही ऑर्डर मिळाली तर बिल्डिंगखालचं रिकामं गॅरेज भाड्याने घ्यायचं आणि टेबल घराला परत करायचं. नाही मिळाली तर टेबल परत करायचंच, आणि दुकान बंद. हे घरात सगळ्यांनी बसून ठरवलं होतं. यालाही काकू अर्थातच 'हो' म्हणाली होती. त्यानंतर तिला झोप लागत नव्हती, आणि हे कुणाला कळत नाही असं फक्त तिलाच वाटत होतं.

फोनवर दोनदा डिस्पॅच मॅडमशी बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मी तुमच्याच भागात आहे. कार्यशाळा बघायला येऊ का?"

"या की," काकू म्हणाली. काकाने कपाळावर हात मारला.

बाई आल्या, मांडीवर ताटं घेतलेल्या आम्हा सगळ्यांना ओलांडून टेबलाशी गेल्या. कापड उलटसुलट केलं, शिवण ओढून पाहिली, ओल्या बोटाने रंग घासला. पक्ष्यापाशी थांबल्या.

"ही छत्री छान आहे."

"हो, छत्री," काकू म्हणाली.

"महिनाअखेर द्याल सगळं?"

"देऊ की."

"पंधरा तारखेला?"

"देऊ."

"उद्या?"

"बघते की."

बाईंनी चष्मा काढला. "काम चांगलंय तुमचं. पण तुमच्या शब्दावर मी पाहुण्यांना खोल्या देऊ शकत नाही. त्या डिस्पॅचवाल्या बाई कुठायत? त्या नाही म्हणतात, म्हणून त्यांचं हो खरं वाटतं. त्यांनी तारीख दिली तर ऑर्डर पक्की. नाहीतर राहू दे."

"त्या आज…"

"रजेवर आहेत?"

"हो."

"मग फोन लावा त्यांना."

"लावते की." काकूने फोन उचलला आणि त्याच्याकडे बघत राहिली. काका भिंत वाचत होता.

"रजेवर नाहीये मी."

स्वयंपाकघराच्या दारात आजी. काकूच्याच किटलीवाल्या हातपुसण्याला हात पुसत.

बाई आवाज ओळखून चटकन सावरून उभ्या राहिल्या. "हां, याच त्या. नमस्कार, मॅडम. महिनाअखेर सगळं मिळेल?"

"नाही."

"पुढच्या महिन्यात? दहा तारखेला?"

"पडदे दहाला. बाकीचं वीसला. एकदम मागाल तर रंग कच्चा राहील, आणि पहिल्या धुण्यात पाहुण्यांच्या उशा निळ्या होतील. चालेल?"

"नाही चालणार."

"मग. आणि ती छत्री नाही. बगळा आहे."

बाईंनी कापड परत जवळ घेऊन बघितलं. "बगळाच," त्या गुमान म्हणाल्या, आणि ऑर्डर पक्की करून टाकली. दारात चपला घालताना काकूला हळूच म्हणाल्या, "या बाईंना सोडू नका हं."

दार लागलं. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत होतो.

"बाल्कनीचं दार नीट लागत नाही," आजी म्हणाली. "कधीची सांगतेय."

"आई, मी…"

"गॅरेजमध्ये मला पाठ टेकायची खुर्ची लागेल. आणि फोन मी घेणार."

"हो, आई."

"टेबल उद्या पुसून दे. मला जरा माणसासारखं जेवू दे."

"हो, आई."

आजी स्वयंपाकघराकडे वळली, आणि थांबली. "माझा आवाज इतका नाकातून येतो?"

काकाने घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. काकू सरळ उभी राहिली.

"नाही हो, आई."

आमच्या ऐकण्यातलं तिचं स्वतःच्या आवाजातलं हे पहिलं 'नाही'. आणि तेही धडधडीत खोटं.

"बरं," आजी म्हणाली. नाकातून.