देवरेबाईंचा कुकर

देवरेबाईंच्या कुकरचं झाकण मी उघडलं होतं, आणि नऊ वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. बाईंबद्दल लिहायला बसलो की हेच वाक्य आधी येतं. ते टाळून त्यांचं कौतुक करणं मला जमणार नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका शाळेत मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून नवाच लागलो होतो. देवरेबाई तिथे वीस वर्षं तोच विषय शिकवत होत्या. मूळच्या सटाण्याच्या; उंच, आवाज खणखणीत. दाबाचा धडा आला की त्यांच्या पिशवीतून विटा, सायकलचा पंप, सुई काढलेली इंजेक्शनची नळी, काहीही निघे. एक धारदार आणि एक बोथट अशा दोन विळ्यांवर त्या मुलांना कांदा चिरायला लावत. "हात तोच, जोर तोच. मग ही का अडते?" मग स्वतःच म्हणत, "जोर किती ते नंतर. किती जागेवर पडतोय ते आधी बघा रे!"

त्या दिवशी नववीच्या वर्गात त्यांनी स्टोव्हवर कुकर लावला होता. वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते, हे दाखवायचं होतं. शिट्ट्या झाल्या, स्टोव्ह बंद केला आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. जाताना मला म्हणाल्या, "जाधव सर, वाफ बसल्याशिवाय हात लावू नका."

तास संपत आला होता. मुलं "सर, डाळ दाखवा ना!" म्हणून मागे लागली. दांडी अडली, तर मी जोर लावून फिरवली. झाकण उडालं आणि उकळती डाळ पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातावर पडली.

चौकशीत मी सांगितलं, "कुकर बाजूला ठेवत होतो, झाकण आपोआप उडालं." माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मुलांनी माझा हात दांडीवर पाहिला होता, पण तो काय करत होता हे फक्त मला ठाऊक होतं.

मुख्याध्यापक बाईंना म्हणाले, "कुकर जुना होता एवढं लिहून द्या. प्रकरण मिटेल."

बाई चिडल्या की त्यांची अहिराणी बाहेर येई. "मना कुकरमा काही खोट नही शे!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दाब वाढला तर आधी शिट्टी उचलली जाते. ती अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. दोन्ही शाबूत आहेत. जे घडलंच नाही ते मी लिहिणार नाही."

त्यांच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा बसला. हाती आलेलं पर्यवेक्षकपद गेलं. वर्गात प्रयोग बंद, असा आदेश निघाला. दुसऱ्याच आठवड्यात बाई पंप घेऊन वर्गात गेल्या. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले.

"बाई, बंद सांगितलं होतं ना?"

"मग पोरांची दप्तरं पण बंद करा, सर. पट्टा खांद्यात रुततो, तोही प्रयोगच आहे."

मेमो आले. पंप सुटला नाही.

ती मुलगी शाळेत होती तोवर बाई मधल्या सुट्टीत तिचा हात बघत. आणि दरवर्षी तो कुकर स्टाफरूममध्ये आणून, नुसतं पाणी घालून लावत. भांडीबाजारातल्या तीन कारागिरांनाही तो दाखवून झाला. मग मला विचारत, "रबर ठीक, व्हॉल्व्ह ठीक. सर, तुम्ही जवळ होता. आधी वाफ आली की झाकण गेलं?"

"आठवत नाही, बाई," मी म्हणे.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा मी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं मी त्या रबराची चौकशी करतेय. तुमची करायला हवी होती."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "इथे नाही. जिथे खोटं बोललात तिथे. आणि लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आणि सगळे शिक्षक स्टाफरूममध्ये असताना मी उभा राहिलो. लिहून आणलेला कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवला. बाई समोर ताठ बसल्या होत्या.

"झाकण आपोआप उडालं नव्हतं," मी म्हणालो. "मी उघडलं. जोर लावून. बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. त्या मुलीचा हात माझ्यामुळे भाजला. तिच्या घरी जाऊन मी हेच सांगणार आहे. बाई, तुमचा कुकर नीट होता. मला क्षमा करा."